घुंगरातली मटकी

तिसरा महिना लागला आणि माझ्या पोटानं अन्नाशी उभा दावा मांडला. भात नको, भाकरी नको, दूध तर डोळ्यांसमोरही नको. हवी होती एकच गोष्ट. कोल्हापुरात, माझ्या माहेरी मंगळवार पेठेत, तालमीशेजारच्या दुकानात मिळायची ती मिसळ. लालभडक कट, वर मूठभर फरसाण, कच्चा कांदा आणि सोबत ब्रेडचे जाड स्लाइस. मिसळीबरोबर पाव खाणाऱ्यांविषयी मला काही बोलायचं नाही, त्यांचं त्यांना लखलाभ.

साल १९९७. लग्न होऊन मी हुपरीला आले होते, पैंजणं घडवणाऱ्या घरात. नवरा विजयसिंह माल घेऊन सेलमला गेलेला. सासूबाईंना सगळं गाव आक्का म्हणायचं. त्या मला पेज पाजायच्या आणि ती उलटून पडली की माझ्याइतक्याच रडकुंडीला यायच्या. पण मिसळीचं नाव काढलं की साफ नकार. एवढं तिखट पोटातल्या जिवाला बाधेल, यापुढं बोलणंच नाही. मी आपली वाळत चालले होते.

सासरे केरबा, म्हणजे आमचे मामा, माझ्याशी बोलत नसत. राग नव्हता, रीतच तशी. सासऱ्यानं सुनेकडं बघायचं नाही, सुनेनं सासऱ्यासमोर जेवायचं नाही. काही सांगायचं झालं तर मामा 'तिला म्हणावं' अशी सुरुवात करून भिंतीला ऐकवायचे. त्या घरात सगळ्यात जास्त कामाला कोण असेल तर ती भिंत.

एक दिवस मामा चांदी आणायला कोल्हापूरला गेले आणि जाताना दुधाची किटली घेऊन गेले. कशाला, ते कुणालाच सांगितलं नाही. त्या दुकानातून त्यांनी उसळ आणि कट एकाच किटलीत ओतून घेतला. जाणकार माणूस असलं पाप करत नाही, पण मामांना कुठलं ठाऊक? फरसाण पुडीत, ब्रेड काखेत. आक्कांना कळू नये म्हणून घरी येताच किटली परसातल्या पैंजणांच्या कारखान्यात शेगडीपाशी ठेवली आणि आक्का देवळाला कधी जातात याची वाट बघत बसले.

आता, त्या शेगडीपाशी रोज तसल्याच किटलीत रिठ्याचं पाणी असतं. पैंजणं त्यात उकळून धुतात. त्यात कारागीर आकारामचं नाक सर्दीनं चोंदलेलं. त्यानं किटली उचलली, पातेल्यातल्या पैंजणांवर रिकामी केली आणि शेगडी पेटवली.

वास माझ्यापर्यंत आला. कित्येक दिवसांनी तोंडाला पाणी सुटलं. धावत गेले, तर पैंजणं तर्रीत लोळत होती. आकाराम चिमट्यात एक जोड धरून हलवून बघत होता, पण तो वाजेना. घुंगरांच्या फटीत मटकी अडकली होती.

गल्ली हसली. आक्काही पदरात तोंड लपवून हसल्या. मी मात्र उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले. मिसळीसाठी रडते म्हणून लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. मामा दारात उभे होते, फरसाणाची पुडी तशीच हातात धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीला सांगितलं, की तिला म्हणावं आवर, कोल्हापूरला जायचं हाय. आक्कांनी माझ्या खोल गेलेल्या डोळ्यांकडं बघितलं आणि स्वतःच माझी पिशवी भरून दिली. एसटीत मामा पुढच्या सीटवर बसले, मी मागच्या.

दुकानात त्यांनी वाढप्याला सांगून मला टेबलाशी बसवलं आणि स्वतः पलीकडच्या बाकावर भिंतीकडं तोंड करून बसले, माझ्याकडं पाठ. चहा मागवला. माझी मिसळ आली. पहिला घास पोटात गेला आणि तिथंच राहिला. दुसराही. कान तापले, नाक वाहायला लागलं, मी सूं-सूं करत खात सुटले. मग कट संपला. तिथं कट मागाल तेवढा वाढतात, आणि लग्नाआधी मी त्यासाठी दुकान डोक्यावर घ्यायची. पण सासऱ्यांसमोर सून ओरडणार कशी? कोरडा ब्रेड कुरतडत बसले.

"ओ पावणं," मामांनी भिंतीकडं बघतच आवाज दिला, "आमच्या पोरीला कट आणा की."

वाढप्या वाटी भरून गेला. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मामा थेट माझ्याशी बोलले, मान न वळवता.

"खा पोटभर. तुझं सूं-सूं थांबलं की मला कळतंय."

मी पोट फुटेस्तोवर खाल्लं. त्या दिवसापासून हुपरी मला माझी वाटायला लागली, आणि मामा तर फारच आवडायला लागले.

आता लेक नऊ वर्षांची आहे. रीत केव्हाच सुटली, मामा आणि मी शेजारी बसून जेवतो, भांडतोही. पण सगळे मिळून त्या दुकानात गेलो की मामा अजून भिंतीकडंच तोंड करून बसतात. परवा लेकीनं विचारलं, आजोबा, तुम्ही असं का बसता?

मामांनी बोट ओठावर ठेवून तिला गप्प केलं.

"ऐकू दे की. तुझ्या आईचा कट संपलाय बघ."