डब्यातला पहिला खडा

थडग्याची चावी सांभाळायची म्हणून सगळे तिला चावीवाली म्हणत. पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या मेलेल्यांसाठी रचलेली ती दगडी खोली माळावरच्या टेकाडाच्या पोटात होती. आत जायचं तर दहा हात बोळातून रांगायचं, आणि रांगताना माणसाचं पोट, पद, संसार काहीच लपत नाही, असं चावीवालीचं बावीस वर्षांचं मत होतं.

तिचा नियम एकच. आत जाणाऱ्याने दाराशी टांगलेल्या डब्यात एक खडा टाकायचा, बाहेर आल्यावर एक काढायचा. आधी हे काम तिचा नवरा करी. एकदा तो आत झाडत असताना वरचा दगड निसटला. तो घरी गेला असेल असं समजून दोन दिवस कुणी आत डोकावलंच नाही. तेव्हापासून रोज सकाळी पहिला खडा ती त्याच्या नावाने टाकी आणि दिवसभर तसाच ठेवी. पाहुण्यांना हे सांगत बसत नसे.

त्या दिवशी तिघं आली. लाकूड कापायच्या गिरणीचे मालक दोघे भाऊ आणि थोरल्याची बायको. सहलीची कल्पना बायकोची. मोकळ्या हवेत भांडण निवळेल म्हणे. हवेने कुणाचं भांडण निवळलेलं चावीवालीने पाहिलं नव्हतं. उभ्या दगडांच्या रांगेपाशी पोचेपर्यंत तिला सगळं समजलं.

"करवतीवरची जाळी तू काढलीस, दादा. त्या बिचाऱ्या कामगाराचा हात कोपरापासून गेला. उद्या तपासनिसाला मी खरं तेच सांगणार."

"सांग की! आणि मग तुरुंगात मला भेटायला येताना फळं आण."

"अहो, इथे तरी पुरे," बायको म्हणाली. "मेलेले उठून बसतील."

"ते नाही उठत, बाई," चावीवाली म्हणाली. "त्रास सगळा जिवंतांचा."

थडग्याच्या दाराशी तिने नेहमीप्रमाणे आत सापडलेल्या कवटीचा फोटो दाखवला. मागच्या बाजूला मूठ जाईल एवढं भोक.

"दगडी कुऱ्हाड. मागून घातलेली."

"कुणी मारलं असेल?" धाकट्याने विचारलं.

"कोण सांगणार? पण पुढे इतक्या निगुतीने आणून ठेवलाय, म्हणजे घरचंच कुणी असेल."

थोरला हसला. त्या बोलण्याला शोभेल त्याहून जरा जास्तच हसला.

बायकोचे गुडघे रांगण्याजोगे नव्हते. दोघा भावांनी डब्यात खडे टाकले, टक, टक, आणि ते आत शिरले. चावीवाली बायकोला टेकाडामागचा खळग्यांचा खडक दाखवायला घेऊन गेली.

दोघी परतल्या तेव्हा थोरला एकटाच उंबरठ्याच्या दगडापाशी बसून गवताने हात पुसत होता. लोखंडी दार त्याने स्वतःच ओढून घेतलं होतं.

"भाऊजी कुठेत?" बायकोने विचारलं.

"गाडीकडे गेला. रुसलाय." मग चावीवालीकडे वळून म्हणाला, "दोघांचेही खडे काढलेत. घाला कुलूप."

तिने डब्यात पाहिलं. तळ लख्ख दिसत होता.

"टाकले किती होते?"

"दोन."

"आणि काढले किती?"

"अहो, डबाच उपडा केला! आता काय पावती देऊ?"

एक गोष्ट लपवायला निघालेला माणूस घाईत दुसरीही लपवतो. चावीवालीने चावी मुठीत घट्ट धरली.

"हा डबा कधी रिकामा नसतो," ती म्हणाली. "एक खडा माझ्या नवऱ्याचा असतो."

ती दाराकडे वळली तशी त्याने तिचा अंबाडा धरला आणि कपाळ दाराच्या दगडी खांबावर आदळलं. एकदा. पुन्हा. रक्त डोळ्यात उतरलं. ती खाली पडली, तो छातीवर बसला आणि डाव्या हाताने त्याने तिचा गळा आवळला. तिच्या मुठीत वीतभर लोखंडी चावी होती. ती तिने त्याच्या गालात खुपसली, दाताला लागेपर्यंत. तो गुरासारखा ओरडला, पण गळा सोडेना.

"अहो! काय केलंत भाऊजींना?"

"गप्प बस! तुझ्या संसारासाठीच केलं!"

बायकोने पर्स खाली ठेवली. नीट, उभी. मग दोन्ही हातांनी एक धोंडा उचलला. थोरल्याचा उजवा पंजा तोल सावरायला उंबरठ्यावर टेकलेला होता. धोंडा त्यावर आला तेव्हा वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. धोंडा पुन्हा वर गेला आणि पुन्हा आला.

चावीवाली खोकत, रक्त गिळत, कमरेची बॅटरी पेटवून बोळात शिरली. कवटी सापडली होती त्याच कोपऱ्यात धाकटा पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू उघडी होती, केसांत हाडाची चकती हलत होती. पण नाकापाशी रक्ताचा बुडबुडा फुगत होता, फुटत होता, परत फुगत होता. तिने पदर फाडून जखमेवर बांधला, त्याच्या काखांत हात घातले आणि दहा हात मागे मागे सरकत त्याला उजेडात ओढलं.

बायकोने फोन करून रुग्णवाहिका बोलावली होती. धोंडा अजून तिच्या मांडीवर होता. थोरला भिंतीला टेकून, पंजा पोटाशी धरून बसला होता. हाताकडे त्याचं लक्ष नव्हतं. डोळे भावाच्या तोंडावर खिळले होते.

धाकट्याने एक पापणी उचलली.

"वहिनी... उद्या... किती वाजता?"

"दहाला, भाऊजी. तुम्ही नाही बोलू शकलात तर मी बोलेन."

"अगं, माझा हात बघ," थोरला कळवळला. "सगळा गेला गं हात."

"बघितला," ती म्हणाली. "कोपर आहे अजून."

चावीवाली एक डोळा मिटून गवतात खडे शोधत होती.