पथ्याचा डबा

बाबासो मुकादमांचं पोट हा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांच्या टोळीच्या कौतुकाचा विषय होता. गोणी वाहणाऱ्याचं पोट सुटत नाही आणि हुकूम सोडणाऱ्याचं सुटल्याशिवाय राहत नाही, हा तिथला नियमच. पण शहाण्णव सालचा पावसाळा लागला आणि त्याच पोटापाशी त्यांच्या लेकीचा जीव येऊन अडकला.

सुनयना एकोणीस वर्षांची. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन आणायचं आणि दिवसभराला प्यायला मोजकं पाणी, एका छोट्या बाटलीत भरून ठेवलेलं. तहानेनं पोरीची जीभ टाळ्याला चिकटायची. किडनी द्यायला आई राजाबाई तयार होती, पण तिचा रक्तगट जुळला नाही. बाबासोंचा जुळला. डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं, रक्तदाब बघितला आणि सांगितलं की पंधरा किलो उतरवल्याशिवाय तुम्हाला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाही. आणि उशीर करू नका, पोरीचं हृदय थकत चाललंय.

वजन उतरवायचं म्हणजे उपास, हे साताऱ्याकडच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. बाबासोंनी सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, चतुर्थी तर होतीच. राजाबाईनं साबुदाण्याची खिचडी केली, वर दाण्याचं कूट, जोडीला बटाट्याची भाजी आणि केळी. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते खोटं नाही. महिनाभर साऱ्या देवांना वेठीला धरून बाबासो काट्यावर चढले, तर दोन किलो वाढलेले, म्हणजे आता सतरा उतरवायचे.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. साबुदाणा बंद, तेल-तूप बंद. एक भाकरी, मटकीची उसळ, अंड्याचा पांढरा भाग खा आणि रोज वजन उचला, म्हणाले. नुसतं उपाशी राहिलात तर अंगातली ताकद जाईल आणि चरबी आहे तिथंच बसेल.

वजन उचला! ज्या गोण्या पाठीवरून उतरल्या म्हणून घरी पेढे वाटले होते, त्याच पुन्हा पाठीवर आल्या. आधी अर्धी गोणी, मग पाऊण, मग पुरी. मुकादमानं गोणी उचलायची म्हणजे टोळीला लाज, म्हणून कोंडिबा आडवा आला. कोंडिबा बाबासोंच्या बरोबरीचा, एकाच गावचा. पोट कमी करायचंय, एवढंच बाबासो बोलले. पोरीचं दुखणं बाहेर फुटलं तर तिचं लग्न कोण करणार, म्हणून घरात तिघांशिवाय कुणाला काही ठाऊक नव्हतं. मग काय, सारी टोळी हसली. मुकादमाला पुन्हा नवरदेव व्हायचंय म्हणाली. बाबासोही हसले आणि गोणीखाली वाकले. तेवढ्या वाकण्यात डोळे पुसून होत.

दिवाळीपर्यंत सहा किलो उतरले. माल तोलायच्या काट्यावर ते रोज पहाटे चढायचे आणि उतरताना मनातल्या मनात पोरीला हाक मारायचे. दिवाळीनंतर मात्र काटा हलेना. तेच खाणं, त्याच गोण्या, गुडघे रात्रभर ठणकायचे, आणि वजन तिथल्या तिथं. इकडे सुनयनाच्या पावलांवर सूज चढली, दोन जिने चढताना ती चारदा बसायला लागली. आपलंच शरीर दगाबाज आहे असं बाबासोंच्या मनानं घेतलं. त्यांनी भाकरी अर्धी केली. त्यांना स्वतःच्या पोटाची किळस यायला लागली.

डिसेंबरात एका सकाळी गोणी खांद्यावर असतानाच त्यांना घेरी आली. कोंडिबानं धरून बसवलं आणि चार घास खा म्हणून त्यांचा डबा उघडला. एरवी बाबासो दुपारी गाळ्यातल्या शेगडीवर गरम करूनच जेवायचे. त्या दिवशी डबा पहाटेपासून थंडीत पडून होता. उसळीवर पांढरी साय धरलेली.

"मुकादम," कोंडिबा म्हणाला, "पथ्य हाय म्हनता, आन् डब्यात तूप थिजलंय."

बाबासो उठले. झाकण लावलं आणि चालतच कोपरखैरण्याला घरी आले. चार ओंजळी तूप आगीत ओतून झाली नसती तेवढी आग त्या एका पांढऱ्या थरानं त्यांच्या अंगात झाली. माथाडींच्या खोल्यांच्या भिंती पातळ, ओरडायचीही सोय नाही. त्यांनी डबा राजाबाईपुढं ठेवला आणि झाकण काढलं.

राजाबाईनं नाकारलं नाही. ती खाली बसली.

"पोरगी जातीया, ते मला दिसतंय," ती म्हणाली. "पर तुमी दोघं एकाच दिशी टेबलावर निजनार. मी भाईर बाकड्यावर बसून देवाकडं कुनाला मागू?"

कॉटवरून सुनयना म्हणाली, "मला माहीत होतं, आबा. आईला तूप घालताना मी बघितलेलं. तुमाला काय झालं असतं तर मी जगून काय केलं असतं?"

दीड महिना. एवढा दीड महिना या दोघींनी मायेपोटी मातीत घातला होता, आणि रागवायचं तरी कुणावर? बाबासोंना रडू फुटलं. मार्केटात ज्याच्या शिवीला ट्रकवाले बिचकायचे, तो माणूस तोंडात टॉवेल कोंबून रडला.

"दोघांस्नी माग," शेवटी ते म्हणाले. "एकाला कशापायी मागतीस?"

राजाबाई उठली. तुपाचा डबा शेजारी देऊन आली. तवा ठेवला, भाकरी थापली, भाजली आणि कोरडीच त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी तुकडा मोडला. तो घशात अडकला आणि जोराचा ठसका लागला. राजाबाई माठाकडे वळेपर्यंत सुनयनानं हात लांब करून आपली बाटली त्यांच्यापुढं सरकवली. संध्याकाळपर्यंत पुरवायचं पाणी होतं त्यात.

बाबासोंनी एक घोट घेतला, टोपण घट्ट लावलं आणि बाटली तिच्या हातात दिली. मग उरलेली भाकरी सावकाश चावून संपवली आणि पुन्हा मार्केटला निघाले. अजून अकरा किलो उतरायचे होते.