लल्ला वसीला खिडकीतून आल्या

मी एक दरवाजा आहे. ट्युनिसच्या मुलखातल्या केलिबिया गावच्या किनाऱ्यावर, वाळूला लागून जी बुटकी पांढरी घरं आहेत, त्यांतल्या शेवटच्या घराचा. आवाज जरा जड वाटेल, पण समुद्राची हवा पिऊन पिऊन तो तसा झालाय.

माझा जन्म होड्या बांधणाऱ्या एका सुताराच्या हातून झाला. होडी बांधून उरलेल्या फळ्या त्याने जोडल्या, मागे सरून बघितलं आणि म्हणाला, "झालं दार." आता होडीचं लाकूड ओल लागली की फुगतं. होडीत तो गुण, कारण फटी बुजतात. दारात तोच अवगुण. पूर्वेचा दमट वारा सुटला की मी फुगायचो आणि चौकटीत असा रुतून बसायचो, की रुसलेला जावई परवडला.

घर हमादीचं. ट्युनिसला तो पोस्टात साहेब आहे आणि तिथे म्हणे लोक त्याला वचकून असतात. इथे कोणी वचकत नाही. ऑगस्ट लागला की गाडीच्या टपावर गाद्या, पंखा आणि कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याच्या कण्या, उकडायचं भलंमोठं भांडं बांधून, बायको बहीजा आणि मुलगी दोर्साफ यांना घेऊन तो येतो. आल्या आल्या अर्धी चड्डी चढवतो आणि काहीतरी दुरुस्त करायला घेतो. त्याने दुरुस्त केलेली वस्तू मग बहीजा गुपचूप फेकून देते.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी दोर्साफचं लग्न ठरायच्या बेतात होतं. मुलगा लसाद, ती शिकवते त्याच शाळेतला मास्तर. दोघांचं कधीच जमलेलं होतं. अडलं होतं त्याच्या आईपाशी. ही आई, लल्ला वसीला, म्हणजे मोठं प्रस्थ. (बाईमाणसाला मानाने 'लल्ला' म्हणायचं, पुरुषाला 'सी', अशी इकडची रीत.) आधीची एक मुलगी त्यांनी कॉफी कोमट होती म्हणून नाकारली होती. "माणसं सुट्टीत कशी राहतात ते बघायचं, म्हणजे खरं घर कळतं," असं म्हणून त्या मुद्दाम इथे जेवायला येणार होत्या.

त्या दिवशी बहीजाने सकाळीच माशाचा कुसकुस चढवला. दोर्साफ फरशी पुसून पुसून झिजवत होती. हमादी नुसता फिरत होता. तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली.

"पाहुणे पहिल्यांदा काय बघतात? दार!" तो म्हणाला.

"हमादी, हात लावू नकोस त्याला," बहीजा आतून ओरडली.

पण तोवर निळ्या रंगाचा डबा उघडला होता. त्याने मला असा काही रंग फासला की कडासुद्धा सोडल्या नाहीत. मग बाहेरून बघून झालं, आता आतून बघावं म्हणून तो आत आला आणि त्याने मला धाडकन लावलं. बाहेर पूर्वेचा वारा सुटलेला. मी फुगलो, रंग चिकटला, आणि संपलं.

गाडीचा आवाज आला. हमादीने ऐटीत कडी ओढली. कडी त्याच्या हातात आली. तो मागच्या मागे गेला आणि कलिंगडावर बसला.

बाहेर लल्ला वसीला, पांढरा शुभ्र पोशाख, हातात मिठाईचं तबक, मागे लसाद.

"या या, आत या!" हमादी आतून ओरडला.

"कुठून येऊ, सी हमादी?"

"दारातून!"

"दार बंद आहे."

"हो, ते जरा… तुम्ही या तर खरं!"

लसादने खांदा लावला. मी हललो नाही. त्याचा खांदा निळा झाला. मग त्याने दुसरा लावला. तोही झाला.

माझ्या शेजारच्या खिडकीला गज नाहीत. बहीजाने तिथून डोकं काढलं, चेहरा रडवेला. "लल्ला वसीला, खिडकीतून याल का हो?"

"मी काय मांजर आहे?"

कुसकुस निवत होता. शेवटी दोर्साफनेच खिडकीतून ताटं बाहेर दिली. आई आणि मुलगा वाळूत दगडावर बसून जेवले, घरातले आत उभे राहून. मीठ हवंय का, मासा आणखी घ्या, सगळं खिडकीतून. लल्ला वसीला कपाळाला आठ्या घालून जेवत होत्या. दोर्साफ मात्र निमूटपणे पाण्याचा तांब्या भरभरून देत होती आणि कुसकुस तिखट लागल्याने त्या घटाघटा पीत होत्या.

पाण्याचा परिणाम व्हायचा तो झाला.

त्यांनी लसादच्या कानात काहीतरी सांगितलं. लसाद खिडकीशी आला. "दोर्साफ, तुमचं ते… आतच आहे ना?"

"आतच."

लल्ला वसीलांनी समुद्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खिडकीवर पाय टाकला. वरचा भाग आत आला. खालचा बाहेर राहिला. मग ना आत ना बाहेर. लसाद मागून ढकलतोय, दोर्साफ हात धरून ओढतेय, हमादी सूचना करतोय.

"लल्ला, श्वास सोडा," दोर्साफ म्हणाली.

"सोडला तर दुसरंही काही सुटेल, पोरी!"

दोर्साफने ओठ आवळून धरले. पण हसू नाकातून फुर्रकन बाहेर पडलं. सगळे गार झाले. बहीजाने डोळे मिटले.

लल्ला वसीला तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचं पोट हललं. मग खांदे. त्या इतक्या हसल्या की आपसूक ढिल्या पडल्या आणि गोणीसारख्या दोर्साफच्या अंगावर आल्या. उठल्या आणि धावत सुटल्या.

परत आल्या त्या बहीजाच्या फुलाफुलांच्या झग्यात. "माझ्या घरात दहा वर्षांत कोणी मोठ्याने हसलं नाहीये," त्या म्हणाल्या. "सगळे मला घाबरतात. ही पोरगी मला द्या. कॉफी आणा आता, कोमट असली तरी चालेल."

संध्याकाळी वारा फिरला. माझं अंग सुकलं आणि मी आपण होऊन उघडलो. कोणाचं लक्षही नव्हतं. जाताना लल्ला वसीला माझ्यासमोरून गेल्या आणि पुन्हा खिडकीत चढायला लागल्या.

लग्न झालं. पुढच्या उन्हाळ्यात इथे ॲल्युमिनियमचं दार बसलं. मला भंगारात काढणार होते, पण लल्ला वसीलांनी अडवलं. आता मी अंगणात आडवा आहे, चार पायांवर, टेबल म्हणून. ऑगस्टभर दोन्ही घरची माणसं माझ्यावर कोपरं टेकून बसतात, कलिंगड खातात, भांडतात, बिया माझ्यावरच टाकतात. दरवाजा होतो तेव्हा माझ्यापाशी कोणी घटकाभर थांबत नव्हतं. आता उठायचं नाव घेत नाहीत.

तुम्ही कधी इकडे आलात, तर नव्या दारावर टकटक करत उभे राहू नका. आत कोणी नसतं. आम्ही सगळे बाहेरच असतो. या, खुर्ची ओढा आणि बसा.