खोड, सोंड, धड आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी ट्रंक आहे. पत्र्याची, एके काळी हिरवीगार, झाकणावर दोन पोपट काढलेली. आता रंग उडाला आहे आणि एका पोपटाची नुसती चोच उरली आहे. तुम्ही माझ्यावर गाद्या रचता, उंचावरचा डबा काढायला माझ्यावर चढता. माझी तक्रार नाही, पेटीच्या जन्माला आले की ओझे आलेच. पण माझ्या नावाचा अर्थ तुमच्यापैकी एकानेही कधी विचारला नाही, म्हणून आज मीच सांगून टाकते.

मी जन्मले वाशीमच्या बाजारात. वाशीम वऱ्हाडात, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजांच्या मुलखात. तिथे दिनकरराव नावाचे इंग्रजीचे मास्तर होते. त्यांची लेक हेमा हिचे लग्न ठरले आणि त्यांनी मला घरी आणले. हेमाचे सासर बोरीचे. बोरी परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात. साल एकोणीसशे त्रेचाळीस. हेमाची मॅट्रिक तेवढी राहिली होती. सासरी घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेपुरते माहेरी यायचे, असे बापलेकीचे ठरले होते. म्हणून शालूच्या खाली, अगदी तळाशी, मास्तरांनी तिची पुस्तके ठेवली. त्यात चामड्याच्या बांधणीचा एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता.

भरताभरता हेमाने सहज विचारले, ट्रंकेला ट्रंक का म्हणतात? झाले. बाहेर मांडवात माणसे खोळंबली होती आणि मास्तर इथे जमिनीवर मांडी घालून बसले. इंग्रजीत ट्रंक म्हणजे झाडाचे खोड, म्हणाले. हत्तीची सोंडही ट्रंकच, पण सोंडेला ते नाव कसे पडले यावर विद्वानांत वाद आहे. माणसाचे हात, पाय आणि डोके सोडून जे धड उरते, तेही ट्रंक. आणि ज्या मोठ्या रस्त्याला गावोगावचे फाटे फुटतात, तोही ट्रंक रोड. शब्द मुळात लॅटिनचा. फांद्या छाटलेले झाड, असा त्याचा जुना अर्थ. त्या काळी असे खोड पोखरून त्यात सामान ठेवत, तेव्हापासून पेटीला हे नाव चिकटले. हेमा हसून म्हणाली, म्हणजे मी फांद्या छाटलेले झाड घेऊन सासरी निघाले म्हणायची. मास्तरही हसले, आणि मग शालूची घडी पुन्हा पुन्हा नीट करत राहिले. मला मात्र आपले नाव भलतेच भारी वाटले. नव्याची नवलाई, दुसरे काय!

हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा माल तिथे तपासत. तिथल्या कारकुनाने माझे झाकण उघडले, सगळे चाळले, शब्दकोश हातात तोलून पाहिला आणि परत ठेवला. त्याने निदान मला उघडले तरी. बोरीचा पहिला आठवडा सरल्यावर पुढची पाच वर्षे तेही भाग्य माझ्या वाट्याला आले नाही.

बोरीचे घर धाब्याचे, दोन खोल्यांचे. हेमाचे यजमान अनंतराव जिंतूरला कचेरीत कारकून. गुरुवारी संध्याकाळी यायचे, शुक्रवारची निजामी सुटी घरी काढून परत जायचे. घरात बाकी दोघीच. हेमा आणि तिच्या सासूबाई पार्वतीबाई. पार्वतीबाई विधवा होत्या आणि सोवळ्याओवळ्याला फार कडक. वाईट होत्या असे मी म्हणणार नाही. सुनेला ताप आला तर रात्र रात्र उशाशी बसत. पण पहिल्याच आठवड्यात हेमाच्या हातून चूक झाली. कोनाड्यात जागा नव्हती म्हणून तिने तो शब्दकोश पोथीवर ठेवला. चामडे, आणि तेही पोथीवर! पार्वतीबाईंनी विहिरीवर जाऊन अंगावर पाणी घेतले, देव पुन्हा धुतले आणि ओलेत्याने येऊन सांगितले, सगळी पुस्तके ट्रंकेत. कुलूप लावले आणि किल्ली कनवटीला खोचली.

अनंतराव आले तेव्हा हेमाने त्यांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "बघू." अनंतराव तसे सज्जन, पण त्यांचे 'बघू' म्हणजे दगडावरची रेघ. ते कधी बदलले नाही आणि त्यांनी कधी काही बघितलेही नाही.

मित्रांनो, कैदी व्हावे लागणे वाईट. पण मी एकाच वेळी कैदी होते आणि तुरुंगही होते. माझ्यावर गोधड्यांची चळत, कडीत कुलूप आणि पोटात हेमाची पुस्तके. ती सारवताना माझ्याजवळ आली की हात थांबायचा. पहिली दोन वर्षे ती मनातल्या मनात धडे म्हणायची, ओठ हलताना मला दिसायचे. मग ओठ हलायचे थांबले. तिच्याबरोबरच्या मुली मॅट्रिक झाल्याचे माहेरून कळले, त्या दिवशी तिने भाकऱ्या नेहमीसारख्याच गोल केल्या. मला रडू येत नाही, पत्र्याला गंज येतो. फांद्या छाटलेले झाड म्हणजे काय ते मला तेव्हा कळले, आणि नावाचा तोरा पार उतरला.

पोटात आणखी एक वस्तू होती. पार्वतीबाईंचे यजमान पूजेला बसताना रेशमी मुकटा नेसत. माझे कुलूप मजबूत, म्हणून ते लावतानाच तो त्यांनी कापडात गुंडाळून माझ्यात ठेवला होता. खाली चामडे, वर सोवळ्याचे रेशीम. पाच वर्षे दोघे एकाच अंधारात शेजारी राहिले आणि कोणी कोणाला बाटवले नाही. पण पेटीला विचारतो कोण?

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. रझाकारांच्या बातम्यांनी गावे धास्तावली होती. रोज एकदोन घरांना कुलूप दिसायचे, माणसे हद्द ओलांडून वऱ्हाडात जायची. अनंतरावांना सरकारी नोकरी सोडून निघता येईना. इकडे आड, तिकडे विहीर. बायकांना वाशीमला पोचवा, असा त्यांनी निरोप धाडला. शेजारचे किशनराव आपल्या घरच्यांना घेऊन निघणारच होते. ते दारात येऊन म्हणाले, "काकू, गाडीत तीन घरची माणसं हायती. एका घराला एकच डाग. जास्तीचं काय बी मावायचं न्हाई."

एकच डाग, म्हणजे सामानाचा एकच नग, आणि तो मीच. पार्वतीबाईंनी कनवटीची किल्ली काढली आणि कुलूप उघडले. झाकण वर झाले तेव्हा मला उजेड सोसवेना. देव, तांब्याची भांडी, लुगडी, सगळे माझ्यात बसवायचे होते. हेमा पुढे झाली. कोणी सांगण्याआधीच तिने पुस्तके एकेक करून बाहेर काढली आणि रिकाम्या कोनाड्यात नीट रचून ठेवली. शब्दकोशावरची धूळ पदराने पुसली, तोही ठेवला आणि भांडी आणायला वळली. 

पार्वतीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. सून रडेल, भांडेल, निदान एक पुस्तक मागेल अशी त्यांची अटकळ असावी. तिने काहीच मागितले नाही. पाच वर्षे कोंडलेले माणूस दार उघडल्यावरही जागचे हलले नाही, आणि ते पाहून, मला वाटते, त्या पहिल्यांदा आपल्याच करणीला घाबरल्या. हेमाने आणून माझ्यात ठेवलेली तांब्याची परात त्यांनी उचलून बाजूला टाकली. यजमानांचा मुकटा उलगडला. कोनाड्यातला शब्दकोश स्वतःच्या हाताने घेतला, रेशमात गुंडाळला आणि देवांच्या शेजारी ठेवला. मग बाकीची पुस्तके भराभर लुगड्यांत खुपसली. आंघोळीला गेल्या नाहीत. तांब्या, परात, घंगाळ बोरीतच राहिले.

पूर्णा नदी ओलांडून, सेनगावच्या वाटेने दुसऱ्या दिवशी आम्ही नाक्यावर पोचलो. त्या दिवसांत नाक्यावर कागद दिसला की चौकशी, आणि चौकशीत माणूस अडकला की कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. किशनराव बैलांच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिले. एका म्हाताऱ्या शिपायाने मला उघडले आणि त्याचा हात नेमका मुकट्यावर गेला.

"त्याला शिवू नका," पार्वतीबाई म्हणाल्या. "देव आहे त्यात."

ज्या बाईने चामड्यासाठी विहिरीवर धाव घेतली होती, तिच्या तोंडचे हे वाक्य. शिपायाने हात मागे घेतला, झाकण हळूच लावले आणि "जाओ, मांजी," म्हणाला.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. हेमाने सासूबाईंना विचारले. "आत्याबाई, रेशमात बांधलं की चामडंही चालतं, हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं ना?"

"होतं." पार्वतीबाई रस्त्याकडे बघत होत्या. "परीक्षेला म्हणून माहेरी गेलीस आन् आलीच नाहीस तर? अनंता आठवड्यातून एक दिवस घरी. आमी कुणाकडं बघायचं? लय भीती वाटायची गं."

"मी परत आले असते, आत्याबाई."

"ते आता कळायलंय," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

भाद्रपदात निजामाचे राज्य गेले. अनंतराव सुखरूप होते, पार्वतीबाई त्यांच्याकडे बोरीला परतल्या. हेमा मात्र परीक्षेपर्यंत वाशीमलाच राहिली, दिनकररावांनी पुन्हा पहिल्यापासून शिकवले. भूमितीत काठावर, पण मॅट्रिक झाली. आणि दुसऱ्याच दिवशी गाडी जोडून मला घेऊन बोरीला परत आली. पार्वतीबाई दारात उभ्या होत्या. माझी किल्ली त्यांनी खुंटीला अडकवली आणि जिवंत होत्या तोवर मला कुलूप लागले नाही.

आता त्या नाहीत, हेमाही नाही. घर बदलताना कोणीतरी मला पुन्हा कुलूप घातले आणि किल्ली हरवली. आत मुकट्यात गुंडाळलेला तो शब्दकोश अजून आहे, आणि तो आहे हे या घरात कोणालाच ठाऊक नाही. मित्रांनो, मला रंग देऊ नका, माझे पोपट पुन्हा रंगवू नका. फक्त वरच्या गाद्या उचला आणि कुलूप तोडा. कोयंडा माझ्या अंगातून उपटून निघाला तरी चालेल, मी हूं की चूं करणार नाही.