बोलण्यापुरता लॅपटॉप

"जुना चालंल मला," चन्नवीर म्हणाला. "पण रोजच्या वापराला पुरला पायजे."

सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या चिंचोळ्या गाळ्यात वापरलेले लॅपटॉप थप्पीला लावून ठेवले होते. दुकानदार सयाजी एका उघड्या लॅपटॉपवर फुंकर मारून धूळ उडवत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "रोजचं म्हंजे काय करणार तुमी त्याच्यावर? दुकानाचं काम? पिक्चर?"

"बोलायचंय."

"व्हय, व्हिडिओ कॉल. मग कॅमेरा चांगला बगू."

"तसं न्हाय. बायकोला बोलायचंय. तिचा आवाज गेलाय."

सयाजीनं हातातलं काम खाली ठेवलं आणि आतलं स्टूल पुढं सरकवलं.

महानंदाच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. गळ्याला एक भोक राहिलं, श्वास तिथूनच घ्यायचा. बोलणं कायमचं संपलं. आणि बोलणं हेच तर तिचं सगळं होतं. आयुष्यभर ती शाळेत पहिली-दुसरीला शिकवत आली. मधल्या सुट्टीत तिनं पायरीवर उभं राहून एक हाक मारली की मैदानाच्या टोकावरची पोरं धावत यायची. घरी आली की भाकरी थापता थापता शाळेतल्या गमती सांगायची, मध्येच कन्नडमध्ये शिरायची, मध्येच स्वतःच हसायची. चन्नवीर भुसार दुकानातून दमून यायचा, भिंतीला टेकून नुसता "हूं, हूं" करायचा. एवढ्यावर त्यांचा संसार बोलका होता.

ऑपरेशननंतर मोबाइलवर लिहून पाहिलं, पण त्यावरची अक्षरं तिच्या बोटांना सापडत नसत. शाळेतल्या कॉम्प्युटरवर ती प्रश्नपत्रिका टाइप करायची, त्या बटणांची मात्र सवय होती. तिनं लिहायचं आणि ते लॅपटॉपनं मोठ्यानं वाचून दाखवायचं, ही कल्पना पुण्यात शिकणाऱ्या दानेश्वरीची, त्यांच्या मुलीची.

सयाजीनं थप्पीतून एक काळा लॅपटॉप काढला. "लई जुना हाय, पर मशीन कणखर. लिहिलेलं वाचायला काय लागतंय? बगा तुमीच."

चन्नवीरनं एका बोटानं अक्षरं शोधत टाइप केलं : चहा झाला का. लॅपटॉपनं जरा विचार केला, मग एका अनोळखी बाईच्या स्वच्छ आवाजात म्हणाला, "चहा झाला का."

"बास की," चन्नवीर म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून त्यानं पुढं काही तपासलंच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दानेश्वरी आली आणि तिनं आईला सगळं जमवून दिलं. महानंदा पहिल्यांदा लिहायला बसली तेव्हा बाप-लेक दोघंही तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. मग लॅपटॉपमधली ती बाई एखादी बातमी द्यावी तसं म्हणाली, "ऊटा आय तेन री."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग दानेश्वरी खाली बसून पोट धरून हसायला लागली. "अव्वा, ती तुझं कन्नड मराठीत वाचतीये गं!"

ऊटा आयतेन्री, जेवण झालं का, हे महानंदानं लग्नापासून रोज विचारलेलं. तीसुद्धा हसली. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते, आणि गळ्याच्या भोकावर तिनं रुमाल धरला होता. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी हसत होतं.

दानेश्वरी परत गेली आणि खरी परीक्षा सुरू झाली. सकाळी लॅपटॉप जागा व्हायला वेळ लागायचा. तोवर दूधवाला निघून गेलेला असे. शेजारीण दारात उभी राहून काही विचारी, महानंदा लिहायला लागे, ते चक्र फिरत राही आणि शेजारीण अवघडून म्हणे, "असू दे वैनी, मी नंतर येते." चन्नवीरला तिची ही धडपड बघवत नसे. तिनं दोन अक्षरं लिहिली की तो पुढचं ओळखून म्हणे, "भाजी ना? आणतो," आणि पिशवी घेऊन निघे. आपण तिचं काम हलकं करतोय, असंच त्याला वाटायचं.

मग दुधनीला तिच्या भाच्याचा साखरपुडा आला. माहेरी महानंदा म्हणजे सगळ्यांची करमणूक. भावाच्या नकला करायची, नवरदेवाला छळायची. त्या दिवशी जेवणं झाल्यावर ओसरीवर सगळे जमले. तिचा भाऊ निंगप्पा भाच्याच्या लहानपणीची एक गोष्ट सांगत होता. महानंदाचे डोळे चमकले, तिनं मांडीवरच्या लॅपटॉपवर भराभर लिहिलं. चक्र फिरायला लागलं. तोवर गोष्ट संपली, सगळे हसले, विषय जेवणावर गेला आणि तिथून कुणाच्या तरी आजारपणावर. सगळे गंभीर झाले असताना तिच्या मांडीवरून तो स्वच्छ आवाज आला, "आणि चड्डी कोणी धुतली ते पण सांग."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. मग निंगप्पाला कळलं, तो घाईघाईनं हसला. बाकीचेही हसले, पण तिच्यावर दया आल्यासारखे. महानंदानं लॅपटॉपचं झाकण मिटलं. सोलापूरला परतताना एसटीत ती सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं तो कपाटावर ठेवून दिला आणि पुन्हा हातवाऱ्यांवर आली.

चन्नवीर लॅपटॉप घेऊन सयाजीकडं गेला. "पुरत नाही हो हा. ती बोलते तोवर माणसं पुढं जातात."

सयाजीनं वाद घातला नाही. जुनी डिस्क काढून तिच्या जागी नवी, वेगवान एसएसडी बसवली, नको ते सगळं पुसून टाकलं, आणि चालू करून दाखवला. या वेळी बटण दाबायच्या आत आवाज आला म्हणावं, इतका तो चपळ झाला होता. चन्नवीर लहान पोरासारखा खूश होऊन घरी आला.

"आता बोल," तो म्हणाला. "आता बघ कसा पळतोय."

महानंदानं पदराला हात पुसले आणि बसली. लिहायला लागली. तिनं 'भा' लिहिलेलं दिसताच तो म्हणाला, "भाजी हाय घरात, काल आणली की मी."

तिनं हात उचलून त्याच्या तोंडापुढं धरला. मग बराच वेळ लिहिलं. चन्नवीर तिच्याकडं बघत उभा राहिला. लॅपटॉपनं एकदाही न अडखळता वाचलं :

"भावाबद्दल बोलायचं होतं. भाजीबद्दल नाही. लॅपटॉप पहिल्यापासून मला पुरत होता. तुम्ही थांबत नाही. कोणीच थांबत नाही. माझं वाक्य तुम्हीच संपवता आणि ते माझं नसतं."

त्या परक्या आवाजाला ना राग होता ना रडू. ते सगळं महानंदाच्या तोंडावर होतं. चन्नवीर तिच्यासमोर खाली बसला. तो थांबला. तिनं पुन्हा लिहायला घेतलं आणि भावाबद्दल जे सांगायचं होतं ते सगळं सांगितलं.

त्यानंतरचा हिवाळा त्यांचा बरा गेला. संध्याकाळी दुकान बंद करून आला की तो तिच्यासमोर बसायचा, तिची बोटं थांबेपर्यंत तोंड उघडायचा नाही. आधी फार जड गेलं. नंतर त्याला कळू लागलं की इतक्या वर्षांत "हूं, हूं" करताना आपण बरंच ऐकलंच नव्हतं. एकदा तिनं लिहिलं, "गप्पांचं एवढं नाही, मला हाक मारता येत नाही त्याचं वाईट वाटतं. परवा गल्लीत एक पोरगी रिक्षाच्या आडवी गेली. मी दारात होते. ओरडायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. पोरगी वाचली, पण मला रात्रभर झोप नाही."

चन्नवीरनं तिचा हात धरला.

ऊन तापायला लागलं तेव्हा गाठ परत आली. दवाखान्यात डॉक्टर रिपोर्ट हातात घेऊन चन्नवीरशीच बोलत होते. आता औषधानं फार फरक पडणार नाही, असं काहीसं म्हणून ते उठले. शेजारी महानंदाची बोटं लॅपटॉपवर चालली होती, पूर्वीपेक्षा फार सावकाश. चन्नवीरनं डॉक्टरांचा हातच धरला.

"थांबा साहेब. ती बोलतीये."

डॉक्टर उभेच राहिले. बाहेर पेशंटची रांग होती, नर्स दारातून डोकावून गेली. महानंदा एकेक अक्षर दाबत होती. चन्नवीरनं हात सोडला नाही. अखेर आवाज आला, "मला खरं सांगा. घरी राहता येईल का?"

डॉक्टर परत खुर्चीत बसले. या वेळी ते तिच्याकडं बघून बोलले, आणि सगळं खरं बोलले.

ती घरीच राहिली. दानेश्वरी कॉलेज सोडून आली. शेवटी शेवटी बोटांत जोर उरला नाही. लॅपटॉप उशाशी चालूच असे. तहान लागली, कूस बदलायची असली की ती दानेश्वरीनं बसवून दिलेलं एकच बटण दाबायची आणि खोलीत "री" असा आवाज यायचा. री म्हणजे कन्नडमधलं अहो, नवऱ्याला ती लग्नापासून तशीच बोलवायची. चन्नवीर कुठंही असला तरी धावत यायचा. एके दुपारी तो आवाज लागोपाठ आला, री री री, थांबेचना. तो मोरीतून ओल्या हातानं आला तर तिचा हात बटणावर पडून राहिला होता आणि ती गेली होती. दानेश्वरीनं आईचा हात अलगद उचलला, तेव्हा खोली शांत झाली.

तिच्या इच्छेप्रमाणं तिला माहेरी, दुधनीलाच माती दिली. महिन्याभरानं चन्नवीरनंच लेकीला पुण्याला परत पाठवलं. तिचा रोज संध्याकाळी फोन येतो. ती परीक्षेचं, मैत्रिणींचं सांगत राहते, मध्येच रडू आवरायला गप्प होते, तो तिचं संपायची वाट बघतो, आणि मग ती घाबरून विचारते, "अप्पा, आहात ना?"

"आहे की," तो म्हणतो. "तू सावकाश बोल."