नवव्या बाकावरचा दुसरा आवाज

सातवीच्या वर्गात त्या दिवशी मुलं चोवीस होती, बाकं बारा, खिडक्या तीन आणि त्यातली उघडणारी एक. स्पॅनिशचा धडा सगळ्यांनी मिळून मोठ्यानं म्हणायचा होता. ओठांच्या चोवीस जोड्या हलत होत्या. आवाज तेवीस होते.

नुसत्या कानाला हे कळलं नसतं. चोवीस मुलं एका दमात म्हणायला लागली की एखादा आवाज कमी आहे की जास्त, कुणाच्या बापाला पत्ता लागत नाही. पण तोंडी परीक्षा दहा दिवसांवर आली होती, आणि जीभ थरथरवून म्हणायचा स्पॅनिश 'र' कुणाला जमतो, कुणाला नाही, हे स्पॅनिशबाईंना बघायचं होतं. म्हणून त्यांनी आपला फोन प्रत्येक बाकावर एकेक मिनिट ठेवून रेकॉर्डिंग केलं. एका बाकावर दोन मुलं. अकरा बाकांवर दोन-दोन आवाज जवळून, स्वच्छ आले. नवव्या बाकावर एकच आला. त्यांनी ते मिनिट तीनदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी फोन बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून पुन्हा घेतलं. एकच.

नववं बाक म्हणजे खिडकीकडच्या रांगेतलं पहिलं. बाईंच्या टेबलापासून दीड मीटर. तिथं खिडकीच्या बाजूला खारूताई बसायची. सदा पेन्सिलीचं टोक कुरतडत असायची म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. लेखी परीक्षेत चाळीसपैकी अडतीस, वर्गात पहिली. तोंडीला गेल्या सत्रात शून्य. प्रश्न विचारला की ओठ हलायचे, शब्द बाहेर पडायचा नाही. बाईंनी पाच मिनिटं वाट पाहिली होती, सहाव्या मिनिटाला त्यांचं डोकं फिरलं होतं आणि प्रगतिपुस्तकात त्यांनी एक शब्द लिहिला होता: हेकेखोर. शाळेचा नियम असा की तोंडीत लागोपाठ दोनदा शून्य आलं की त्या मुलाची स्पॅनिश बंद. ते तास त्यानं वाचनालयात बसून पाढे लिहायचे.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं.

"सगळे म्हणतात तेव्हा तू म्हणत का नाहीस?"

"म्हणते की."

"आवाज कुठंय?"

खारूताईनं इकडंतिकडं पाहिलं. वर्ग रिकामा होता. "आवाज नाही काढायचा ना, बाई."

"कोण म्हणालं?"

"गाणंबाई. बालवर्गात. म्हणाल्या, तू फक्त ओठ हलव, शहाणी ना तू. तू आवाज काढलास की सगळ्यांचं बिघडतं."

"अगं, ते गाण्यापुरतं! आणि तेव्हा तू चार वर्षांची होतीस."

"हो."

"आणि आता तर बोलतेयस की माझ्याशी धडधडीत!"

"हे साधं बोलणं झालं. उभं राहून म्हणायचं ते वेगळं असतं." मग पेन्सिल दातांखालून काढून ती पुढं म्हणाली, "संपलं असं त्यांनी कधी सांगितलंच नाही."

राग आधी कुणाचा धरावा हे बाईंना कळेना. त्या तडक तळमजल्यावर गेल्या.

तळमजल्यावर एक लांबट खोली होती. गणिताला, विज्ञानाला आपापल्या खोल्या आणि आपापली कुलपं. गाणं, चित्रकला आणि स्पॅनिश या तिघांना मिळून ही एक. बाकीचे शिक्षक तिला 'तीन तिघाडा' म्हणत, आणि 'काम बिघाडा' मनात म्हणत. एक पियानो, त्याच्या पाठीमागं रचलेले चित्रफलक, एक नळ, एक कपाट आणि कपाटाचा एक कप्पा स्पॅनिशला. नळापाशी चित्रसर चौथीचे ब्रश धूत उभे होते. पियानोपाशी गाणंबाई साठ खुर्च्यांची रांग लावत होत्या. नऊ दिवसांनी वर्षअखेरचं समूहगान. एकतीस वर्षांच्या नोकरीतलं त्यांचं शेवटचं. त्यांच्या मुलांचं गाणं म्हणजे काचेसारखं स्वच्छ, असं सगळं गाव म्हणायचं. गावाचं ऐकून ऐकून तेच त्याही म्हणायला लागल्या होत्या.

आणि गाणंबाई म्हणजे स्पॅनिशबाईंची सख्खी आत्या. घरी एकाच टेबलावर जेवणाऱ्या दोघी.

"गाणंबाई, तुम्ही बालवर्गातल्या मुलांना तोंड बंद ठेवायला सांगता?"

आत्यानं खुर्ची खाली ठेवली. "अगं बाई! आज अगदी 'तुम्ही'? घरातली आत्या हवीय की शाळेतली बाई, ते आधी ठरव."

"जी खरं बोलेल ती."

"मग ऐक. तोंड बंद नाही, आवाज बंद. तोंड उघडंच ठेवायचं. मंचावर बंद तोंड वाईट दिसतं."

नळाचं पाणी वाहायचं थांबलं. चित्रसर हातातला ब्रश तसाच धरून भिंतीकडे बघत राहिले.

आत्यानं लपवलं काहीच नाही. कपाटातून हिरव्या वह्या काढल्या, दर वर्षाची एक. बालवर्गात आलेल्या प्रत्येक मुलाला पियानोपाशी उभं करायचं, पाच सूर वाजवायचे, ते त्यानं म्हणून दाखवायचे. ज्याला जमत नाही त्याच्या नावापुढं लाल पेन्सिलीचा ठिपका, आणि पुढं दर वर्षी नव्या वहीत तोच उतरवायचा. ठिपकेवाल्यांनी ओठ हलवायचे. यंदा समूहगानात असलेल्या साठ मुलांत ठिपके नऊ होते. स्पॅनिशबाईंनी ते बोटानं मोजले. खारूताईचा चौथ्या पानावर होता, टोक दाबून काढलेला.

"चाचणी किती वेळा घेतेस?" 'तुम्ही' कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही.

"एकदा. कळायला कितीदा लागतं?"

"एकदा! चार वर्षांचं पोर, आईचा हात सुटून दोन दिवस झालेले, समोर हे एवढं धूड, आणि पाच सूर एकदा! तेही कुठल्या पट्टीत?"

"माझ्या."

"तुझ्या! तिचा आवाज खालचा असेल तर? परत कधी घेतलीस? पाचवीत? सहावीत?"

"साठ पोरं, आठवड्याला दोन तास. त्यातला एक तुमचे गणितवाले पळवतात. परत चाचणी कधी घेऊ, स्वप्नात?"

"म्हणजे पोराला एकदा काट्यावर उभं केलं आणि आठ वर्षं तेच वजन लिहीत राहिलीस."

चित्रसरांना खोकला आला. "मला तर वाटायचं बेसूर पोरं माझ्याकडे पाठवतात," ते म्हणाले. "मी त्यांना निदान रंग तरी सांडू देतो."

"सर, तुम्ही ब्रश धुवा," आत्या कडाडली. मग पुतणीकडे वळली. "आणि तू फार शहाणपण शिकवू नकोस. तुलाही मीच शिकवलंय या खोलीत. तू सुरात होतीस, म्हणून पहिल्या रांगेत उभी राहिलीस, टाळ्या घेतल्यास. तेव्हा नाही विचारलंस शेजारचा गातोय की नाही ते."

स्पॅनिशबाईंना शेजारचा आठवला. गोल चेहऱ्याचा, मोठ्ठं तोंड उघडणारा. त्याच्या शेजारी उभं राहिलं की आपलाच आवाज छान ऐकू येतो, म्हणून त्या जागेसाठी त्या भांडायच्या.

"त्या मुलीनं आठ वर्षं वर्गात आवाज काढलेला नाही, आत्या. गाण्यात नाही, कशातच नाही. आणि सगळे शिक्षक म्हणतात, किती गुणी, किती शांत."

"सगळे?" आत्या थंडपणे म्हणाली. "तिच्या आईनं मला फाटकापाशी गाठून प्रगतिपुस्तक दाखवलं होतं. विचारत होती, पोरगी घरी तर असं काही करत नाही, मग हे काय. हेकेखोर कुणी लिहिलं होतं गं? अक्षर ओळखीचं वाटलं मला." ती थांबली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "माझा ठिपका निदान पेन्सिलीचा आहे. तुझा शेरा शाईत आहे."

नळ पुन्हा सुरू झाला. चित्रसर धुतलेलेच ब्रश परत धुवायला लागले.

त्या रात्री जेवताना टेबलावर फक्त चमचे बोलत होते. स्पॅनिशबाईंच्या वडिलांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा मुलीकडे, आणि आपलं ताट उचलून ते स्वयंपाकघरात उभ्यानं जेवले.

सकाळी स्पॅनिशबाई कारकुनाकडे गेल्या. शेरा बदलायचा होता.

"शाईतला शेरा बदलत नाही, बाई. नवीन परीक्षा झाली की खाली नवीन शेरा लिहायचा."

"पण तो चूक आहे."

"चुकीचे शेरे सगळ्यांचेच असतात," कारकून म्हणाला आणि त्यानं ड्रॉवर लावून घेतला.

तोंडीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या खारूताईला घेऊन तळमजल्यावर आल्या. चित्रसर बालवर्गाची ओली चित्रं दोरीला अडकवत होते. आत्या पियानोपाशी बसली होती. आठ दिवसांत दोघींमध्ये मीठ दे, दार लाव यापलीकडे शब्द झाला नव्हता.

"हिला सांग," स्पॅनिशबाई म्हणाल्या.

"काय सांगू?"

"तू सांगितलेलं संपलं म्हणून. मी आठ दिवस रोज सांगतेय, ती मान डोलावते आणि ओठ हलवते. हुकूम तुझा आहे, तूच मागं घे."

"उद्या माझं समूहगान आहे."

"उद्या हिची तोंडी आहे. तीही उद्याच, सकाळी."

आत्यानं खारूताईकडे पाहिलं. मग हिरवी वही ओढली, चौथं पान काढलं आणि खोडरबरानं ठिपका घासायला लागली. लाल पेन्सिल ती, सहजी जाते थोडीच. ठिपक्याचा गुलाबी डाग झाला, डागाचं भोक झालं. तिनं वही मिटली.

"घे. गेला. तुला मीच म्हटलं होतं ना, ओठ हलव म्हणून? आता नको हलवूस नुसते. संपलं ते." आवाजात माया नव्हती, चूक पकडली गेलेल्या माणसाचा त्रागा होता. "बिघडलं तर बिघडलं. एकतीस वर्षं नाही बिघडू दिलं, एक दिवस बिघडेल."

"आणि बाकीचे आठ?" स्पॅनिशबाईंनी विचारलं.

"एका वेळी एक बोट चेंगर माझं!"

खारूताई वहीकडे बघत होती. ओठ हलले. काही आलं नाही. पुन्हा हलले. पेन्सिल तिच्या मुठीत इतकी घट्ट होती की नखं पांढरी पडली होती. मग ती वळली, आत्याकडे नाही, स्पॅनिशबाईंकडे.

"मी हेकेखोर नाही!"

दोरीला लावायचं चित्र चित्रसरांच्या हातून खाली पडलं, रंगाची बाजू जमिनीला. खालच्या पट्टीतला, भरड, जाड आवाज होता तो.

"त्यांनी सांगितलं म्हणून मी गप्प बसले! तुम्ही विचारलंतसुद्धा नाही! आई रडली! बाबांनी सही केली नाही दोन दिवस! मला सगळं येत होतं! पाचही उत्तरं येत होती!"

"हो," स्पॅनिशबाई म्हणाल्या. "माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं."

"मग खोडा!"

"शाईतलं खोडता येत नाही. उद्या त्याच्याखाली नवीन लिहीन."

"मग वरचं तसंच राहणार?"

"राहणार."

खारूताईनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, जशी मोठी माणसं नापास पोरांकडे बघतात तशी, आणि दाणदाण पाय आपटत जिना चढून गेली. तिच्यामागं कुणी गेलं नाही. आत्यानं खोडरबराचा लाल चुरा तळहातानं गोळा केला. "एवढा आवाज होता," ती म्हणाली. मग तिनं वही परत उघडली. स्पॅनिशबाईंनी तिच्यासमोर दुसरं खोडरबर ठेवलं आणि उरलेले आठही ठिपके खोडून होईपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडी झाली. बाईंनी आवाज मोजायला फोन टेबलावर ठेवला होता आणि प्रत्येक मुलाची नोंद त्या स्वतः, पेन्सिलीनं लिहीत होत्या. सतराव्या नोंदीत असं होतं:

नववं बाक, खिडकीची बाजू. प्रश्न पाच, उत्तरं पाच. 'र' तीनदा थरथरला, चारदा नाही. अंतर दीड मीटर, आवाज एकसष्ट डेसिबल. वीसपैकी अकरा.