हवा कुठून घेती

“गियर काढला की व्हॅन थरथरती आन् बंद पडती,” गहिनीनाथ म्हणाला. “परवा मायला डायलिसिसला बीडला नेताना तीनदा बंद पडली. शहरातल्या गॅरेजात कंप्युटर लावला, त्यात आलं पेट्रोल कमी पडतंय. पंप बदलला, सेन्सर बदलला. फरक न्हाई. उद्या परत न्यायचंय, मैनुद्दीनभाई.”

मैनुद्दीन त्याच्या ओठांकडे बघत होता. गेली दोन वर्षं तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघूनच ऐकायचा. तेलगावात हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही, असं त्याला वाटायचं.

“ठेवून जा. तीनला ये,” तो म्हणाला.

त्याने व्हॅनचं पुढचं सीट उचललं आणि इंजिनाचा प्लग काढला. पांढराफटक, चुन्यात बुडवल्यासारखा. पेट्रोलचा दाब पाहिला, तो बरोबर होता. म्हणजे पेट्रोल कमी नव्हतं, हवा जास्त जात होती. कुठून तरी चोरून.

असल्या फटीतून बारीक सूं असा आवाज येतो. चाळीस वर्षं मैनुद्दीनने तो डोळे मिटून शोधला होता. आज त्याने प्लग परत बसवून इंजिन चालू केलं, रबरी नळीचं एक टोक कानात धरलं आणि दुसरं इंजिनावरून सगळीकडे फिरवलं. नुसती घरघर. सगळ्या क्लिपा आवळल्या, पाइप दाबून पाहिले. दोन वाजले, शर्ट घामाने भिजला.

त्याची बायको अकबरी डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

“सीटी कायकू बजती ये?”

त्याने तिच्याकडे बघितलं. “किधर?”

अकबरी क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि वाकली. तिचं बोट इंजिनामागच्या जाड नळीखाली गेलं.

थरथर थांबली. मैनुद्दीनला ती पत्र्यावर टेकलेल्या तळव्यातून कळली. तिने बोट काढलं, गाडी पुन्हा कापायला लागली. बोट ठेवलं, शांत.

इंजिन बंद करून त्याने नळी काढली. वरून धड दिसणारी नळी खालच्या बाजूला नखभर चिरली होती.

“तेरेकू कब से मालूम?” त्याने विचारलं. नळीबद्दल तो विचारत नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“पिछली ईद से. इसीच वास्ते जोर से बोलती मैं. तुम समझे, बुढापे में मेरेकू गुस्सा आने लगा.”

मैनुद्दीनला हसू आलं. तो खरंच तसं समजत होता.

नवी नळी बसवून झाली तोच गहिनीनाथ आला. इंजिन एका लयीत चालत होतं. त्याने बसून चारदा गियर काढून पाहिला.

“काय निघालं, भाई?”

मैनुद्दीनने फडक्याला हात पुसले. मग परत पुसले.

“नळी चिरली हुती. मला न्हाई घावली, हिनं धरली. मला ऐकू येत न्हाई आता, गहिनीनाथ. उद्या वाटंत काय वाटलं तर हिच्या फोनवर कर.”

गहिनीनाथ अकबरीकडे वळून म्हणाला, “चाची, मायला सांगतो तुमचं नाव.”

व्हॅन बीड रोडला लागली. डबा अजून बंदच होता. मैनुद्दीनने साबणाची पावडर घेतली, अकबरीचा काळा झालेला हात आपल्या हातात धरला आणि एकेक बोट चोळून धुवायला लागला. ती काहीतरी म्हणाली.

त्याने मान वर केली.

“फिर से बोल,” तो म्हणाला.